पन्नास रुपयांच्या म्हातारपणाला छंदांचा उपदेश

दरवर्षी १ ऑक्टोबर उजाडला की ज्येष्ठ नागरिक दिनाचे समारंभ होतात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० च्या डिसेंबरात हा दिवस मुक्रर केला आणि १९९१ पासून तो पाळला जाऊ लागला. अमरावती असो की अकोला, समारंभाचा साचा ठरलेला आहे. शाल, श्रीफळ, रक्तदाब तपासणीचे शिबिर आणि अखेरीस कोण्या मान्यवराचे भाषण. भाषणाचा आशयही ठरलेलाच : वयाचा विचार करू नका, मन गुंतवून ठेवा, गाणे शिका, वाचनालयात जा, नाटक पाहा, भजनी मंडळात सामील व्हा, औषधाच्या गोळ्या आपोआप कमी होतील. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या हाच उपदेश वर्षभर करीत असतात.

हा उपदेश वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नाही. तो बरोबर आहे. मात्र तो करणाऱ्यांना त्याचा पुरता अर्थ उमगलेला दिसत नाही. गाणे, वाचन, नाटक, कीर्तन यांमुळे म्हातारपणीचे आरोग्य सुधारते व आयुष्य वाढते हे एकदा मान्य केले की पुढचे विधानही मान्य करणे भाग पडते. ज्या व्यवस्थेने लक्षावधी वृद्ध श्रमिकांना या साऱ्यांपासून तोडले आहे, ती व्यवस्था त्यांचे आयुष्य कमी करीत आहे. व्यासपीठावरील वक्ते पहिल्या विधानाशी थांबतात, कारण तेथवर कोणाचेच काही बिघडत नाही. समाजवादी कार्यकर्त्याला मात्र तेथे थांबता येणार नाही.

पुरावा काय सांगतो

प्रथम पुराव्याकडे पाहू. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० स्त्री-पुरुषांचा चौदा वर्षे मागोवा घेऊन डेझी फॅन्कोर्ट व अँड्र्यू स्टेप्टो या संशोधकांनी २०१९ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा नाटक, संगीतसभा, संग्रहालय वा कलादालनात जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्षातून एक-दोनदाच जाणाऱ्यांमध्येही तो १४ टक्क्यांनी कमी होता. त्यापूर्वी, २००३ साली, न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींच्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी असल्याचे दिसून आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि कला व आरोग्य यांचा संबंध धोरणकर्त्यांनी गंभीरपणे घ्यावा, असा अभिप्राय दिला.

ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले, त्याला येथे एक शंका येणे अपरिहार्य आहे. नाटकाला जातो तो मुळात धडधाकट असतो म्हणून जातो, आणि तिकिटाचे पैसे खिशात असतात म्हणून जातो. मग त्याचे दीर्घायुष्य नाटकामुळे की प्रकृतीमुळे, की पैशामुळे? इंग्लंडच्या संशोधकांनी संपत्ती, शिक्षण, आजार, हालचाल अशा अनेक घटकांचा हिशेब वजा करून पाहिला. या वजाबाकीनंतर फरक काहीसा घटतो, पण नाहीसा होत नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही मान्य केले आहे. तथापि सार्वजनिक धोरणाला एवढा पुरावा पुरेसा आहे. ज्या उपायाचा खर्च अल्प, अपाय शून्य आणि लाभाची शक्यता मोठी, तो उपाय योजण्यासाठी अंतिम सिद्धतेची वाट पाहत बसणे हा शहाणपणा नव्हे.

या संबंधामागील कारणेही गूढ नाहीत. समूहात गाताना श्वासाला वळण लागते, पाठांतराने स्मृतीला काम मिळते, टाळ-डफाने हातांना चलन मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसाला ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी जाण्याचे कारण मिळते आणि एक दिवस तो आला नाही तर त्याची विचारपूस होते. एकाकीपणा हा म्हातारपणाचा मोठा आजार आहे आणि औषधाच्या दुकानात त्यावर गोळी मिळत नाही. आपल्या देशात २०१७-१८ साली झालेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीच्या आधारे संशोधकांनी असा अंदाज काढला आहे की साठीवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीय स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. म्हणजे वाचनालय, नाट्यगृह व फुरसत ज्यांच्यापासून सर्वांत दूर, त्यांच्याच वाट्याला विस्मरण सर्वांत जास्त आले आहे. शिक्षण, पोषण, उपचार अशी त्याची कारणे अनेक असतील. पण ती सारी एकाच वर्गाच्या दारात येऊन उभी राहतात.

वऱ्हाडला हे नवे नाही

विलायती नियतकालिकांत जे आज छापले जात आहे, त्यातले बरेच काही वऱ्हाडने आचरणात आणले होते. शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले आणि १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगावला देह ठेवणारे गाडगेबाबा कीर्तन करीत तेव्हा श्रोता मुका बसत नसे. बाबा प्रश्न टाकीत आणि शेकडो कंठांतून उत्तर येई. निरक्षर म्हातारा शेतमजूर त्या कीर्तनात विचार करणारा भागीदार असे. यावलीचे तुकडोजी महाराज यांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभा केला आणि खंजिरी हाती घेऊन गावोगाव सामुदायिक प्रार्थनेचा पाठ घालून दिला. रोज सायंकाळी, एका ठिकाणी, जातिधर्माचा भेद न करता, बिनपैशाने एकत्र बसणे हा त्या पाठाचा गाभा होता. त्यात म्हाताऱ्यांना मागच्या रांगेत ढकललेले नव्हते. भजने ज्यांना मुखोद्गत तेच तेथे शिक्षक असत.

सुगीनंतर रात्ररात्र चालणारी दंडार ही शेतकरी-मजुरांनीच उभी केलेली रंगभूमी होती. मेळघाटात कोरकूंच्या होळीच्या नाचात पांढऱ्या केसांची माणसेही फेर धरतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात अमरावती-अकोल्याच्या वस्त्यावस्त्यांतील विहारांत बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, आणि ज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही अशा कितीतरी वृद्ध महिला तीन महिने नेमाने तो ग्रंथ ऐकतात. अकोला, बाळापूर, अचलपूर या भागातील मुशायऱ्यांनी उर्दू भाषकांच्या पिढ्या जागवल्या आहेत. साहित्य संमेलन १९८१ मध्ये अकोल्याला गो. नी. दांडेकरांच्या आणि १९८९ मध्ये अमरावतीला के. ज. पुरोहितांच्या अध्यक्षतेखाली भरले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून शरीरसंवर्धन हे सार्वजनिक कार्य मानले आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. ज्या भूमीने तरुणाच्या शरीराची चिंता सार्वजनिक मानली, तिने वृद्धाच्या मनाची चिंता खाजगी मानावी, याला काय म्हणावे?

जुन्याचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. जुन्या गावाच्या पारावर सर्वांना जागा नव्हती; कोण कोठे बसणार हे जात ठरवीत असे. दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुष करी आणि स्त्री दूर अंधारात उभी राही. तिच्या वाट्याला जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि पहाटे तीनला उठून दळण्याच्या कष्टांची किंमत मोजून तिने त्या गायल्या. गिरणी आली, जाते गेले, ते बरेच झाले. परंतु जात्याबरोबर दुसऱ्या बाईची सोबतही गेली, आणि त्या सोबतीच्या जागी समाजाने काहीही उभे केले नाही. नव्या समाजरचनेचे काम करणाऱ्यांवर राहिलेली ही बाकी आहे.

दंडारही कोणी बंदी घातली म्हणून मागे पडली नाही. गावातली उमेदीची पोरे पुण्याला, सुरतेला गेली. खेळ उभा करायला लागणारी माणसेच गावात उरली नाहीत. शेतीचा तोटा वाढत गेला आणि सुगीनंतरची निश्चिंत रात्र संपली. ज्या अमरावती विभागात २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची सरकारी नोंद ठेवावी लागते आणि जो विभाग त्या नोंदीत राज्यात आघाडीवर राहत आला आहे, तेथे कर्त्या मुलाच्या माघारी नातवंडे वाढवण्याचा भार साठी-सत्तरीच्या आजीवर पडला आहे. तिला ‘मन गुंतवून ठेवा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय.

पन्नास रुपयांचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सांस्कृतिक जीवनात भाग घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात : वेळ, जागा आणि थोडा पैसा. यांपैकी वेळ म्हाताऱ्यांकडे मुबलक असतो असे मध्यमवर्ग समजतो, कारण त्याच्या घरी निवृत्तिवेतन येते. आम्हा निवृत्त प्राध्यापकांना महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात, म्हणून आम्हाला संध्याकाळ असते. संगीतसभेला जाणारा, ज्येष्ठ नागरिक संघात कविता वाचणारा वर्ग प्रामुख्याने हाच आहे. त्याच्या आनंदावर माझा आक्षेप नाही. तो आनंद म्हणजे स्वभावाचा गुण आहे, असे भासवण्यावर मात्र आहे.

शेतमजूर स्त्रीला निवृत्तीचे वय नाही. पाठ वाकेपर्यंत निंदण आणि बोटे चालतील तोवर कापूस वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर. म्हणजे वयाबरोबर हात मंदावला की मजुरीही घटते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना जे मिळते, ते २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आले. दिवसाला पन्नास रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात ठरलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे शासनाच्याच दराने पाहिले तर वृद्धाचा संपूर्ण महिना पाच दिवसांच्या मजुरीपेक्षाही कमी किमतीचा ठरतो. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये ठेवली गेली. त्याच ३१२ रुपयांच्या दराने हिशेब केला तर घरातल्या एकाच माणसाला वर्षात अडुसष्ट दिवस काम मिळाले की ते कुटुंब कागदावर सधन होते आणि म्हातारीचे पन्नास रुपये जातात.

केंद्र सरकारची कथा याहून वाईट आहे. वृद्धांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात ऐंशीच्या आतील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे आणि २००७ मध्ये इंदिरा गांधींच्या नावाने ही योजना सुरू झाली तेव्हाही तो तेवढाच होता. या काळात तेल, डाळ, औषधे कोठल्या कोठे गेली! संघटित म्हणवल्या गेलेल्या कामगाराचीही गत फार निराळी नाही. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरवण्यात आली. अकोल्याच्या सावतराम व मोहता मिल, बडनेऱ्याची विजय मिल यांच्या भोंग्यांवर ज्या वस्त्यांची घड्याळे लागत, त्या वस्त्यांनी गिरण्या बंद पडताना पाहिल्या. अचलपूरच्या फिनले मिलची चाके २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गिरणगावांना भजनी मंडळे होती, आखाडे होते, गणेशोत्सवातली नाटके होती. पगार बंद झाला तेव्हा हे सारे एकामागून एक मिटत गेले. कामगारांची रसिकता एकाएकी आटली म्हणून नव्हे.

आपल्या राज्यघटनेने हा विचार फार पूर्वी केला आहे. एक्केचाळिसावे कलम वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काविषयी राज्याला मार्ग दाखवते, आणि त्रेचाळिसावे कलम तर श्रमिकाला निर्वाहवेतनाबरोबरच फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी यांचा पूर्ण उपभोग मिळावा असे सांगते. वेतन आणि संस्कृती घटनाकारांनी एकाच कलमात ठेवली. राज्यकर्त्यांनी वेतन मालकाच्या मर्जीवर सोडले आणि संस्कृती देणगीदारांच्या.

शासनाचे उत्तर : तीर्थयात्रा

या प्रश्नावर शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. ही पावले चांगली आहेत आणि त्यांचा लाभ खेड्यातल्या वृद्धांनी भरभरून घेतला. मात्र याच काळात रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली. साथ ओसरली तरी ती परत आली नाही. आणि मोफत एसटीने म्हातारी तालुक्याला पोचलीच, तर तेथे तिने बसायचे कोठे, ऐकायचे काय, याचे उत्तर कोणत्याही शासननिर्णयात नाही.

२०२४ साली, निवडणुकीच्या तोंडावर, दोन योजना आल्या. ‘वयोश्री’त चष्मा, श्रवणयंत्र, काठी आदींसाठी एकदा तीन हजार रुपये. ‘तीर्थदर्शन’ योजनेत साठीवरील व्यक्तीच्या यात्रेसाठी तीस हजार रुपयांपर्यंत खर्च. यात्रेला जाण्याची इच्छा असणाऱ्या वृद्धाचा मी अनादर करीत नाही. वऱ्हाडच्या माणसाला पंढरी आणि शेगावची ओढ आहे, दीक्षाभूमीची आहे, उरुसाचीही आहे. पण हिशेब पाहा. ज्या शासनाला वृद्धाला महिन्याला दीड हजारावर एक रुपया वाढवणे जड जाते, ते एका यात्रेवर त्याच्या वीस महिन्यांच्या पेन्शनइतकी रक्कम खर्चायला तयार होते. कारण उघड आहे. पेन्शन हा हक्क ठरतो, तो दरमहा मुकाट्याने द्यावा लागतो. यात्रेच्या गाडीला झेंडा दाखवता येतो.

तेच तीस हजार रुपये गावात खर्चले तर? गावातल्या एखाद्या वृद्ध खंजिरीवादकाला, डफवाल्याला, ग्रंथवाचन करणाऱ्या बाईला महिना अडीच हजार रुपये मानधन देऊन वर्षभर रोज संध्याकाळी गाव जमवता येईल. एकाच्या आठ दिवसांच्या पुण्याऐवजी पन्नास जणांना वर्षभराची सोबत मिळेल. शिवाय त्या कलावंताला भीक मागावी लागणार नाही.

कलावंतांच्या बाबतीतही हीच दृष्टी आहे. राज्यात वृद्ध कलावंत व साहित्यिकांना मानधन देण्याची योजना १९५० च्या दशकापासून चालू आहे. २०२४ मध्ये रक्कम पाच हजार रुपये करण्यात आली, ही गोष्ट स्वागतार्ह. परंतु जिल्ह्याला वर्षाकाठी शंभर नव्या लाभार्थ्यांची मर्यादा आहे, आणि उभे आयुष्य दंडारीत वेश करून नाचलेल्या मजुराकडे आपण कलावंत असल्याचा कागद कोठून असणार? ज्याला कोणी प्रमाणपत्र दिले नाही, त्याची कला शासनाच्या लेखी झालीच नाही. ज्याला मानधन मिळते, त्यालाही निराधार म्हणून मिळते. ‘तुमच्याजवळ जे आहे ते आमच्या पोरांना शिकवा’ असे त्याला कोणी म्हणत नाही. वृद्धाचे मन टवटवीत राहते ते याच मागणीने.

ग्रंथालयांचे पाहा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने खेडोपाडी ग्रंथालये उभी राहिली. दुपारच्या वेळी वर्तमानपत्र चाळत बसलेले चार वृद्ध हे त्या कायद्याचे एक मोठे यश होते. पुढे २०१२ नंतर दहा वर्षे अनुदानाचे दर जागचे हलले नाहीत. नव्या ग्रंथालयांच्या मान्यतेला खीळ बसली. साठ टक्के वाढ झाली तोवर गावचा ग्रंथपाल दुसरीकडे मजुरीला लागला होता आणि कुलूप संध्याकाळी तासभर निघू लागले होते. त्या तासातही बायका तेथे जात नाहीत, कारण बायकांनी बसावे अशी जागा तेथे कोणी कल्पिलीच नाही.

आपल्याच छावणीतील आक्षेप

आता आपल्या घरातले बोलणे. हा विषय काढला की काही कार्यकर्ते म्हणतात, ‘आधी भाकरी, मग भजन.’ वाक्य टाळीचे आहे, पण फसवे आहे. भाकरी मिळवून दिल्यावर भजनाचे पाहू म्हणणाऱ्यांनी अद्याप भाकरीही मिळवून दिलेली नाही. दरम्यान संध्याकाळ रिकामी राहिली नाही. तेथे लाखोंच्या मंडपांचे कथासोहळे आले, नेत्यांच्या फलकांखालचे कर्णे आले, म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवणारे ढोल आणि डीजे आले. गाडगेबाबांनी प्रश्न विचारायला शिकवलेल्या श्रोत्याला पुन्हा हात जोडून गप्प बसायला शिकवले जात आहे, आणि शेजारच्या मोहल्ल्याकडे संशयाने पाहायलाही. ही जागा कोणी हिसकावून घेतली नाही. आपण सोडून दिली.

आपली परंपरा अशी नव्हती. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, निळू फुले यांच्यासारखी माणसे गावोगाव फिरली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणी कामगाराला मोर्चाबरोबर गाणेही दिले. ‘हे सारे धार्मिक आहे, त्यात आपले काय काम’ असे म्हणणाऱ्यांना डॉ. लोहियांची आठवण करून द्यावीशी वाटते. स्वतः नास्तिक असलेल्या लोहियांनी १९६१ मध्ये चित्रकूटला रामायण मेळा भरवण्याची कल्पना मांडली होती, कारण लोकांच्या मनात जे रुजले आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय लोकांशी बोलता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. सामुदायिक प्रार्थना, वर्षावासातले वाचन, मुशायरा आणि दंडार यांना एका अंगणात आणणे हे वऱ्हाडात कोणा परक्याने शिकवावे लागणार नाही.

आणखी एक कटू गोष्ट. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी व शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. आपण त्यांना पाठिंबा दिला. तो योग्यच होता. पण त्याच आठवड्यात अचलपूर किंवा अकोट तालुक्यातील सत्तरीच्या मजूर बाईच्या पेन्शनसाठी आपण किती रस्ते अडवले? तिला संपावर जाता येत नाही, कारण तिने काम थांबवले तर फक्त तिचीच चूल थांबते. संघटितांच्या हक्कासाठी लढणे सोपे असते, तेथे वर्गणीही येते आणि गर्दीही. पक्षाची कसोटी दुसऱ्या ठिकाणी आहे.

काय मागावे, काय करावे

मागण्या अशा असाव्यात. (१) बाबा आढाव व अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने २०१२ पासून लावून धरल्याप्रमाणे साठीवरील प्रत्येक असंघटित श्रमिकाला किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळावे. ३१२ रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले तरी ते चार हजारांवर जाते. त्याला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नसावी. (२) ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी पाच टक्के राखून ठेवण्याचा दंडक आहे. तसाच निश्चित वाटा वृद्धांच्या सांस्कृतिक व सामाजिक उपक्रमांसाठी राखावा आणि त्याचा खर्च ग्रामसभेने ठरवावा. (३) गावच्या ग्रंथालयाला ग्रंथपालाचे पूर्ण वेतन मिळावे, दुपारी व संध्याकाळी ते उघडे असावे, आणि तेथे वाचता न येणाऱ्यांसाठी रोज प्रकट वाचन व्हावे. (४) वृद्ध लोककलावंतांची नोंद ग्रामसभेच्या साक्षीवर व्हावी आणि त्यांना शाळांतून व गावांतून शिकवण्याच्या कामाचे मानधन मिळावे. (५) प्राथमिक आरोग्य केंद्राने वृद्धांच्या तपासणीत रक्तदाब-साखरेबरोबर एकाकीपणाचीही विचारपूस करावी आणि आशा कार्यकर्तीला त्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. तिच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम लादू नये.

या मागण्यांना पैसा कोठून, असे विचारले जाईल. यात्रेच्या गाड्यांना जेथून आला तेथूनच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीवरील व्यक्ती ९.९ टक्के होत्या; २०२१ साठीचा अंदाज ११.७ टक्क्यांचा होता. हा आकडा वाढत जाणार आहे. आज वाचनालय आणि पेन्शन परवडत नाही म्हणणारे शासन उद्या अंथरुणाला खिळलेल्या, ओळख विसरलेल्या वृद्धांचा सांभाळ कशाच्या बळावर करणार? तो भार पुन्हा घरातल्या सुनेवर आणि लेकीवर, बिनपगारी, टाकण्याचाच त्यांचा विचार असावा.

कार्यकर्त्यांनी मागण्यांच्या निवेदनावर थांबू नये. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील प्रत्येक शाखेने निदान एका गावात आठवड्याचा एक दिवस धरावा. समाजमंदिर, विहार, शाळेची पडवी, जी जागा सर्वांना खुली असेल ती घ्यावी; जी खुली नसेल ती खुली करून घेणे हाही आपला कार्यक्रमच होय. गावातल्या वृद्ध स्त्रियांना प्रथम बोलावावे आणि त्यांच्या मजुरीची वेळ पाहून आपली वेळ ठरवावी. तेथेच पेन्शनचे अर्ज भरावेत, तेथेच गाणे व्हावे, तेथेच वर्तमानपत्र वाचले जावे. अर्जासाठी आलेली बाई गाण्यासाठी थांबेल आणि गाण्यासाठी आलेली बाई मोर्चाला येईल.

ज्येष्ठ नागरिक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, गावोगाव ग्रामसभा भरते. १ तारखेला शाली वाटणारेच २ तारखेला गावच्या पैशाचा हिशेब मांडायला बसलेले असतात. त्या सभेत गावातील वृद्धांना बरोबर घेऊन जावे, वरील पाच मागण्यांचा ठराव मांडावा आणि तो इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत उठू नये.